आमची वाटचाल: आधी घर, मग बटेर

अमळनेरात धुळे रस्त्याला आमचं वर्कशॉप आहे. पुढे वेल्डिंग चालतं, मागे बटेरांचं, म्हणजे अंडी-मांसासाठी पाळायच्या लाव्यासारख्या छोट्या पक्ष्यांचं शेड. पिंजरा आणि पिल्लं दोन्ही आमच्याकडे मिळतात, पण ज्याच्या घरी जागा तयार नाही त्याला पिल्लं देत नाही. या नियमापायी गिऱ्हाईक रागावून परत गेलंय, तरी तो मोडलेला नाही.

मूळ धंदा वडिलांचा, गेट आणि ग्रीलचा. कोंबड्यांचे पिंजरे बनवता बनवता कुणी तरी बटेरांसाठी मागितला आणि मी या पक्ष्यात शिरलो. नाना, म्हणजे माझे काका, पहिली खेप बघून म्हणाले, "हाऊ काय धंदा शे?" पण मला त्यात काम दिसलं होतं. कोंबडीचा पिंजरा लहान केला की बटेराचा होत नाही. बटेर दचकला की सरळ वर उसळतो. पत्र्यावरून मांजर गेलं तरी पुरतं. छत दीड-दोन फुटांवर असेल तर त्याला वेग मिळतो आणि डोकं फुटतं. म्हणून आम्ही उंची नऊ-दहा इंचच ठेवतो आणि वर मऊ नायलॉनची जाळी ताणतो. तळाची जाळी पुढे किंचित उतरती, म्हणजे अंडं घरंगळत बाहेर येतं. अंडं 10-12 ग्रॅमचं, कवच पातळ. उतार जरा जास्त झाला की तडा जातो, म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात अंडं सोडून बघितल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. विष्ठेचा ट्रे रोज ओढून काढता आला पाहिजे. घरात पाळायचे तर वासाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

हा जपानी बटेर भारतात 1974 मध्ये कॅलिफोर्नियातून आला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरला त्याच्यावर संशोधन झालं. आपल्या शेतात कपाशीतून भुर्रकन उडतात त्या रानातल्या लावी वेगळ्या. त्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. "रानातल्या पकडून आणू का?" असं विचारणारे येतात. त्यांना मी बसवून समजावतो आणि पिल्लं उबवणी केंद्रातूनच, पावतीसह घ्यायला सांगतो.

पाळीव मादी सहसा अंड्यावर बसत नाही, त्यामुळे उबवणीला मशीन लागतं. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येतं, वजन जेमतेम 7-8 ग्रॅम. एवढंसं पिल्लू वाटीभर पाण्यात बुडून मरतं. पाण्याच्या भांड्यात खेळायच्या गोट्या टाकाव्या लागतात. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. गोणपाट अंथरायचं. पहिल्या आठवड्यात 37-38 अंश ऊब, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून कडेला पांगली तर उकडतंय. सहा-सात आठवड्यांत मादी अंडी द्यायला लागते.

खान्देशात खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उघडा पत्रा नुसता तापतो. बटेरांना घाम येत नाही. ते धापा टाकतात, खाणं सोडतात, अंड्याचं कवच आणखी पातळ होतं. आम्ही पत्र्याला वरून चुना मारतो, त्यावर केळीची वाळलेली पानं आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पसरतो, पश्चिमेला ओलं गोणपाट बांधतो. एप्रिल-मेची हवा कोरडी, तेव्हा ओल्या गोणपाटाने शेड खरंच थंड होतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच युक्ती उलटते. मग गोणपाट काढायचं आणि पंखे लावायचे. हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो, कारण पक्षी दगावतात ते बहुधा याच बदलाच्या दिवसांत. खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर. पाणी माठातलं.

मध्यंतरी एका कंपनीने आमच्या भागात पिल्लं वाटली, "सगळा माल आम्हीच उचलू" म्हणून. माल तयार झाला तेव्हा फोन उचलायला कुणी नव्हतं. त्यात अडकलेल्या चार घरांचे बटेर आम्ही हायवेवरच्या ढाब्यांशी बोलून विकून दिले. तेव्हापासून नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो: दादा, घेणार कोण आहे? गावातली चार हॉटेलं, आठवड्याचा बाजार, ओळखीची घरं, ही यादी झाली की पन्नास पक्ष्यांपासून सुरुवात करा. पाचशेचा पिंजरा मी स्वतःहून सुचवत नाही, विक्री माझी असली तरी.

नवापूर आमच्याच खान्देशातलं. 2006 मध्ये बर्ड फ्लू तिथे आला, 2021 मध्ये पुन्हा. बटेरांनाही तो होतो. म्हणून शेडच्या दाराशी चुना, आतली चप्पल वेगळी आणि गावठी कोंबड्यांपासून पिंजरा लांब. चप्पल बदलायला कंटाळणाऱ्या माणसाने पक्षी पाळू नयेत, हे मी तोंडावर सांगतो.

आता आमच्या पत्नीने बचत गटातल्या बायकांसाठी ओट्यावर मावेल असा तीन मजली पिंजरा आखलाय. सध्या सर्वांत जास्त मागणी त्यालाच आहे. एप्रिल-मेमध्ये पिल्लांची विक्री बंद असते. त्या दोन महिन्यांत पिंजरे बांधून घ्या, पाऊस नीट लागला की पिल्लं मिळतील.