माद्रिद ते लिस्बन, फक्त वीस मिनिटं!

माद्रिद-लिस्बन विमानाचं तिकीट आईने चष्मा वर करून दोनदा वाचलं. निघायची वेळ ११.४०, पोचायची १२.००.

“वीस मिनिटांत? दादरहून विरारला जायला याहून जास्त लागतात.”

लिस्बनचं घड्याळ तासभर मागे. खरं तर सूर्याच्या हिशेबाने माद्रिदनेही तिथेच असायला हवं, पण १९४०मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने काटे जर्मनीच्या वेळेला नेऊन लावले, ते आजतागायत तिथेच. पोर्तुगालनेही १९९२मध्ये तीच वेळ घेतली होती. पोरं अंधारात शाळेला जायला लागली, तेव्हा १९९६मध्ये सोडून दिली. शहाणे लोक!

मला मुळात विमानाने जायचंच नव्हतं. रात्री झोपावं, सकाळी लिस्बनला उतरावं, आपल्या विदर्भ एक्सप्रेससारखं. तशी लुसितानिया नावाची गाडी होतीही, १९४३पासून. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे थांबली ती थांबलीच. आता या दोन राजधान्यांमध्ये थेट रेल्वे नाही. बदाहोसला उतरा, एन्त्रोंकामेंतूला परत उतरा, नऊ-दहा तास घालवा. अंतर किती, तर सरळ रेषेत ५०० किलोमीटर! बरं, रूळ वेगळ्या रुंदीचे म्हणावेत तर तेही नाही. दोन्हीकडे १,६६८ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम ८ मिलिमीटर कमी. टोलेडोची ताहो नदी बिनबोभाट लिस्बनपर्यंत जाते, रेल्वेला मात्र जमत नाही.

म्हणून विमान. हॉटेल सोडलं साडेआठला. माद्रिदच्या बाराखास विमानतळाचं टी-४ टर्मिनल देखणं आहे, नाही म्हणत नाही. बांबूचं लाटालाटांचं छत, पिवळ्यापासून निळ्यापर्यंत रंग बदलत जाणारे खांब. आई खांब बघून हरखली होती आणि मी तिला ओढत गेट शोधत होते. गेट जाहीर झालं अगदी शेवटी, आणि ते अर्थातच दुसऱ्या टोकाला. विमानात पाणीसुद्धा विकत. प्रत्यक्ष हवेत आम्ही तासाभरच होतो. बाकी सगळं रांगा, पट्टे, बॅगा. लिस्बनच्या मेट्रोतून वर आलो तेव्हा तिथे दीड वाजला होता, म्हणजे माद्रिदचे अडीच. सहा तास झाले की हो! “एक तास वीस मिनिटांचं तर अंतर” म्हणणाऱ्यांना मी आता हात जोडते.

लिस्बन छान आहे. त्याबद्दल सगळेच लिहितात.

घरमालकीणबाईंना रेल्वेचं विचारलं, तर हसून त्यांनी जुनी म्हण ऐकवली: स्पेनकडून ना चांगला वारा येतो, ना चांगली सोयरीक. मग म्हणाल्या, “आम्ही आपले बसने जातो.”

परतीला आईने बसचंच तिकीट काढायला लावलं. रस्त्याने सव्वासहाशे किलोमीटर, आठेक तास. स्पेनच्या एस्त्रेमादुरा भागात ओकच्या झाडांखाली काळी डुकरं चरत होती, ती दाखवायला तिने मला दोनदा झोपेतून उठवलं. आणि मेरिदाजवळ बस थांबली, तिथली कॉफी विमानतळावरच्या निम्म्या दरात, शिवाय गरम.