पद्मिनीची नोंदवही: काडेपेटीच्या काडीने बंद केलेली नळी

गाडी तीच. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, वर सोलेक्स ३२ पीबीआयसी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग. मागच्या महिन्यात कार्बोरेटर उघडला, धुतला, नवीन किट टाकून बसवला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली म्हणून घरात भजी झाली. त्यानंतर तीन आठवडे मी डोकं धरून बसलो होतो. चोक आत ढकलला की गाडी बंद. आयडलिंगला बॉनेट थरथरायचं. आणि कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्याला पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखे ठोके.

ज्याला विचारावं तो जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकांवर घसरतो. एकाने मेन जेट मोठा घाल म्हणून सांगितलं, दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने कार्बोरेटरच फेकून दे म्हणून. मी जेटना हात लावायचा नाही असं ठरवलं. आधी पेट्रोल येतं ती वाट आणि व्हॅक्यूम (इंजिनाची हवा ओढणारी ओढ) जातो ती वाट, दोन्ही टोकापासून टोकापर्यंत बघायच्या.

पहिला रविवार पेट्रोलच्या नळ्यांत गेला. टाकीकडून येणारी धातूची नळी ते एसी बनावटीचा पेट्रोल पंप आणि पंप ते कार्बोरेटर, एवढ्याशा अंतरात तीन जातींचे रबर होज निघाले. त्यातला बाहेरून सगळ्यात चांगला दिसणारा तुकडा ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून, पिकलेल्या पपईसारखं मऊ झालेलं. नख लावलं तर नखाखाली काळं आलं. हेच काळं मागच्या खेपेला फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाशी सापडलं होतं आणि मी त्याला टाकीतला कचरा समजून टाकी धुऊन घेतली होती! आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या काळच्या साध्या रबराला ते मानवत नाही, आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही.

नाना पेठेत दोन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात 'पेट्रोल पाइप म्हणजे पेट्रोल पाइप, साहेब' एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्यात अंगावर एसएई जे३० आर९ छापलेला होज मिळाला. याचं आतलं अस्तर वेगळ्या, इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचं असतं. साध्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे पडले. लागतो मीटरभर, तेव्हा इथे काटकसर करू नये असं माझं मत. क्लिपा घेताना खाचांच्या घेऊ नका, त्या होजमध्ये रुततात आणि रबर कातरतात. सपाट पट्टीच्या, छोट्या बोल्टने आवळायच्या मिळतात, त्या घ्या.

फिल्टर मी पंपाच्या आधी बसवला, टाकीच्या बाजूला, उभा. आधी तो पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये एक्झॉस्टच्या धगीत लोंबकळत होता. पेट्रोल दिसायला पारदर्शक फिल्टर छान वाटतो, पण तापलेल्या इंजिनाशेजारी प्लॅस्टिकचा डबा भरून पेट्रोल मला नको.

मग पंपाची परीक्षा. कॉइलची वायर काढली, कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत घातली आणि मुलीला सेल्फ मारायला बसवलं. ठराविक ठेक्यात पिचकारी आली, मध्ये खंड नाही. गेज लावल्यावर ३ पौंडांच्या आसपास काटा. म्हणजे पंप निर्दोष. हा आकडा बघायलाच हवा, कारण वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सोलेक्सची सुई फार दाब धरून ठेवू शकत नाही. ओळखीच्या एकाने जोरदार इलेक्ट्रिक पंप बसवला आणि दोन महिने 'ओव्हरफ्लो का होतो' म्हणत सुया बदलत राहिला. सोलेक्समध्ये फ्लोटची लेव्हल वाढवायची-कमी करायची ती सुईच्या सीटखालच्या वायसरच्या जाडीने. किटमधला वायसर जुन्यापेक्षा पातळ असेल तर पेट्रोलची पातळी आपोआप वर चढते. माझा पातळच होता. जुन्याच्या जाडीचा शोधून टाकला.

दुसऱ्या रविवारी व्हॅक्यूम. माझ्या पद्मिनीला ब्रेक बूस्टर नाही, त्यामुळे व्हॅक्यूमची नळी एकच, कार्बोरेटरवरून डिस्ट्रिब्युटरच्या डबीला जाणारी. ही डबी व्हॅक्यूम मिळाला की ठिणगी थोडी लवकर पाडते. एकच आहे म्हणून मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. कार्बोरेटरकडचं रबरी टोक ओढलं, तर आत काडेपेटीची काडी ठोकलेली आणि वरून एमसील! कुणीतरी विचार करून, बाहेरून कळू नये अशा बेताने ती बंद केलेली.

शेजारचे काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते बघून हसले आणि म्हणाले, "आमच्या डिझेलला असली थेरं नसतात." मग मात्र तेच खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

आधी डबीतला डायफ्रॅम शाबूत आहे का ते बघितलं. त्याला कसलंही यंत्र लागत नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, नळीचं मोकळं टोक तोंडात धरून हवा ओढा आणि टोकावर जीभ दाबून धरा. आत पॉइंटची प्लेट खट्कन फिरायला हवी आणि जीभ नळीला चिकटून राहायला हवी. माझी काकांनी साठ आकडे मोजेपर्यंत चिकटलेली होती. तोंडाला गंज आणि शिळ्या पेट्रोलची चव दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत राहिली.

डबी ठणठणीत, तर मग नळी बंद का केली? उत्तर खाली सापडलं. कार्बोरेटर उतरवून त्याची खालची फ्लँज काचेवर ठेवली. दोन्ही कान काचेला टेकलेले आणि मधोमध ०.२० मिमीची फीलर पट्टी आरामात आत जाते. नट वर्षानुवर्षं जोर लावून आवळले की कान खाली वाकतात आणि मधे फट राहते. त्या फटीतून इंजिन चोरून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग टिकत नाही. मग कुणीतरी आयडलिंग टिकावं म्हणून टायमिंग पुढे चढवलं असणार, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं केलं असणार. चढवलेल्या टायमिंगवर व्हॅक्यूमने आणखी ॲडव्हान्स दिला की सपाट रस्त्यावरही ठोके. म्हणून नळीत काडी. पण घाटात पाय दाबला की मुळात व्हॅक्यूम उरतच नाही, तिथे काडीचा उपयोग शून्य. तिथे चढवलेलं टायमिंगच नडत होतं. माझ्याही नजरेत ते आलं नव्हतं, कारण मी कार्बोरेटर साफ करताना फ्लँज फक्त पुसली होती.

काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, आणि इंग्रजी आठच्या आकारात घासणं. आधी फक्त कानांवर चमक येते, मग ती कडेकडेने मधे सरकत जाते. पाऊण तासाने सगळा चेहरा एकसारखा राखाडी झाला. काका दर पाच मिनिटांनी 'झालं का' विचारायचे आणि मी पुसून दाखवला की 'अजून थोडं' म्हणायचे. नवं पॅकिंग, नट दोन्हीकडून आळीपाळीने, छोट्या पान्याने. काडी काढली, नळीची दोन्ही रबरी टोकं नवीन, टायमिंग पुलीवरच्या खुणेवर परत.

मोजायला कार्बोरेटरखाली बसणाऱ्या एका जास्तीच्या बेकलाइट स्पेसरला भोक पाडून नळी बसवली होती, तिला व्हॅक्यूम गेज लावला. घासण्याआधी काटा १३ इंचांवर (पाऱ्याच्या) थरथरत होता. आता १७ वर स्थिर. पुस्तकात १७ ते २१ दिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. पुणे ५६० मीटरवर आहे, इथे त्यातून पावणेदोन-दोन इंच वजा करायचे. तेव्हा २०चा हट्ट धरून स्क्रू पिळत बसू नका. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा मागे, मग काटा सगळ्यात वर जाईल तिथे थांबायचं. आयडलिंग चालू असताना डिस्ट्रिब्युटरची नळी काढून बघा, काहीच फरक पडता कामा नये. कार्बोरेटरवरचं ते छिद्र बंद थ्रॉटलच्या जरासं वर असतं, थोडा पाय दिल्यावरच त्याला व्हॅक्यूम लागतो. नळी काढल्यावर आयडलिंग पडलं, तर ती चुकीच्या जागी जोडली आहे असं समजा.

काल सकाळी सहाला कात्रज. जुना घाट, तिसरा गिअर, काका शेजारी. बोगद्यापर्यंत एकही ठोका नाही. उतरताना पाय सोडला तरी धक्के नाहीत. परत येऊन गाडी लावली, दुपारी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास. कार्बोरेटरच्या बँजोखाली (पेट्रोलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या जोडाखाली) एक थेंब, पुसला की दहा मिनिटांनी पुन्हा एक. बँजोच्या दोन फायबर वायसरांपैकी खालचा मी जुनाच परत घातला होता. नाना पेठ सोमवारी उघडली की आधी तो.