पट्टीचा रकाना

ठाणे, रविवार, रात्री

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील मोठ्या तक्त्यामधून ‘पट्टी’ (गायकाने ‘सा’ म्हणून धरलेला स्वर) हा रकाना आज मी काढून टाकला. नाट्यपदांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आणि त्याच पदांची रंगमंचावरील गायकी यांची तुलना हा माझा पीएच.डी.चा विषय असल्यामुळे, कोणता गायक-नट कोणत्या पट्टीत गात असे हे प्रबंधात आलेच पाहिजे, असे कोणीही गाणारा माणूस म्हणेल. गाणाऱ्याची पहिली चौकशी आपण पट्टीनेच करतो. मार्गदर्शक मॅडमनी मात्र मसुद्यात त्या रकान्याशेजारी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘आधार?’

अडचण तबकडीच्या वेगाची आहे. या तबकड्यांना आपण सरसकट ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणतो, परंतु सुरुवातीच्या काळात प्रत्येक तबकडी नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झाली होती असे नाही. काही त्याहून संथ, तर काही जलद होत्या आणि लेबलावर त्याचा उल्लेख बहुधा सापडत नाही. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी आज ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, म्हणजे पांढरी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला ‘सा’ धरून) गायलेले पद शेजारच्या काळी एकचे होऊन कानावर पडते, आणि लयही सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. साथीला ऑर्गन असेल तर प्रश्न सुटेल असे वाटते, कारण त्याचे स्वर पक्के असतात. पण गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला, तर कुठेतरी फरक आहे एवढेच त्यावरून कळते; खालची पट्टी खरी की वरची, हे कळत नाही. शिवाय त्या काळचा तो ऑर्गन आजच्या मापाने लावलेला असेल याची तरी शाश्वती कोणी द्यावी?

दुपारी हे सारे नौपाड्यातल्या काकांना सांगितले. त्यांनी उमेदीच्या काळात संगीत नाटकांतून कामे केली आहेत आणि माझ्या मुलाखतींच्या प्रकरणाचा बराचसा भार त्यांच्या आठवणींवर आहे. पं. राम मराठे यांच्यासारखा गवई-नट ज्या शहरात राहिला, त्या ठाण्यात अशी माणसे अजून भेटतात, हे माझ्या विषयाचे भाग्यच म्हणायचे. काका चिडलेच. “पट्टी काढलीस तर मग राहिलं काय गं? अर्ध्या स्वराने खाली गायला लागलं की पद मरतं!” त्यांचे म्हणणे गाणाऱ्याच्या बाजूने खरे आहे. आवाज कुठे खुलतो आणि वरच्या षड्जाला कुठे ताण येतो, हे पट्टीवरच ठरते. माझा प्रश्न तबकडी साक्ष कशाची देते, एवढाच आहे, आणि पट्टीच्या बाबतीत ती भरवशाची साक्षीदार नाही.

काकांचे दुसरे एक वाक्य मात्र मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे : “रेकॉर्डवर गायचं ते रेकॉर्डपुरतं.” १० इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नाटकात अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया साथीला असताना आणि प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत असताना जे पद कितीही रंगत जाई, त्यालाही त्या बाजूवर तेवढ्याच वेळात बसवावे लागे. परवा एक पद पुनःपुन्हा ऐकताना जाणवले की मुखडा (पदाची फिरून येणारी पहिली ओळ) ऐसपैस येतो, तालाच्या पहिल्या आवर्तनातली हरकतही निवांत आहे. अंतऱ्यात, म्हणजे पदाच्या पुढच्या भागात, मात्र शब्दावर शब्द चढू लागतात आणि शेवटची तान समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पुरती टेकण्याआधीच मुखड्याचे पहिले दोन शब्द उरकून गाणे संपते. ही घाई गायकाची शैली म्हणून लिहिणारे लेख मी वाचले आहेत. मला ती तबकडीवरची जागा संपत आल्याची घाई वाटते. आज आमच्या क्लासमधली मुले तेच साडेतीन मिनिटांचे रूप ‘मूळ चाल’ म्हणून घोकतात, त्या घाईसकट.

वेग बदलला तरी जे बदलत नाही, तेवढेच तक्त्यात ठेवायचे असे आता ठरवले आहे. षड्जाच्या तुलनेत लागलेले स्वर तसेच राहतात, कारण सगळेच सारख्या प्रमाणात वर किंवा खाली सरकतात. एकूण वेळेपैकी अंतऱ्याला किती हिस्सा मिळाला, एका आवर्तनात किती अक्षरे बसवली, मुखडा किती वेळा फिरून आला, ही मोजदादही शाबूत राहते. लय मिनिटाला किती मात्रांची आहे हे लिहिण्याऐवजी अंतऱ्याची लय मुखड्याच्या लयीच्या किती पट आहे, असे लिहिता येईल. म्हणजे वर सांगितलेल्या घाईलाही आकडा मिळेल. प्राट या संगणकप्रणालीत स्वरांचे आलेख काढण्याचे काम बरेचसे झाले आहे, फक्त सगळे आलेख प्रत्येक गाण्याच्या स्वतःच्या षड्जापासून पुन्हा मांडावे लागतील. काकांनी सांगितलेल्या पट्ट्या मुलाखतींच्या प्रकरणात, त्यांच्या नावावर आणि त्यांच्याच शब्दांत जातील. मॅडमना उद्या सकाळी हा नवा तक्ता पाठवायचा आहे. ‘लयीचे प्रमाण’ या रकान्यातील पहिल्या सहा पदांचे आकडे तेवढे आज रात्रीच भरून टाकते.