बंदिस्त पीडीएवर लिनक्स चढवताना

माझ्या पीडीएत, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकात, इंटेलचा पीएक्सए२७० प्रोसेसर होता आणि मूळ सिस्टीम विंडोज मोबाईल. प्रोसेसरचं मॅन्युअल उघडपणे मिळत होतं, अगदी रजिस्टरागणिक (रजिस्टर म्हणजे चिपचं काम ठरवणारे तिच्यातले छोटे कप्पे). लिनक्स कर्नल २.६लाही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाही, तो ओळखीचा होता. पण त्याची कुठली पिन दिव्याला जोडलीय, कुठली बटणाला, कुठली चार्जरला, हे पीडीएच्या निर्मात्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सगळं अडत होतं ते इथेच.

मार्ग दाखवला हारेटने. हा छोटा प्रोग्रॅम विंडोजमधूनच चालवायचा. तो कर्नल मेमरीत भरतो, विंडोजला बाजूला सारतो आणि थेट कर्नल सुरू करतो. फ्लॅशला, म्हणजे विंडोज जिथे कायमचं साठवलेलं असतं त्या मेमरीला, हात लागत नाही. काही बिनसलं तर रीसेट केलं की विंडोज परत हजर. नव्याने शिरणाऱ्याने पहिल्याच दिवशी फ्लॅशवर लिहायला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

हारेटचा दुसरा उपयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. संगणकावरून टेलनेटने (दुसऱ्या यंत्राला दुरून आज्ञा देण्याची सोय) जोडलं की तो जीपीआयओ पिनांवर, म्हणजे दिवे-बटणं जोडायच्या प्रोसेसरच्या पिनांवर, पहारा देतो. मी एकेक बटण दाबायचो, पडद्यावर बदललेल्या बिटची (पिनेची शून्य किंवा एक ही स्थिती) ओळ उमटायची, की लगेच वहीत नोंद. चार्जिंगचा दिवा लुकलुकायचा तेव्हा एक बिट बरोबर त्याच तालात शून्य-एक व्हायचा. दिव्याची पिन अशी सापडली आणि पुढे तिनेच मला तारलं.

कारण कर्नल सुरू केला आणि स्क्रीन काळी पडली. बोर्डवर सिरियल पोर्टच्या, म्हणजे कर्नलचे संदेश तारेवरून संगणकात वाचता येतात त्या जोडणीच्या, जागा सापडेनात. मग दिव्यालाच बोलतं केलं. कर्नलच्या सुरुवातीच्या असेम्ब्लीत (प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेतल्या कोडमध्ये) दिवा लावणाऱ्या तीन ओळी घातल्या आणि दर खेपेला त्या थोड्या पुढे सरकवल्या. दिवा लागला म्हणजे गाडी तिथवर पोचली. एमएमयू, म्हणजे मेमरीचे पत्ते बदलून देणारा प्रोसेसरचा भाग, सुरू होईपर्यंत दिवा लागायचा, त्यानंतर नाही. दोन रात्री मी पेज टेबलं, म्हणजे त्या पत्तेबदलाचे तक्ते, तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. मी रजिस्टराचा खरा, म्हणजे फिजिकल, अ‍ॅड्रेस वापरत होतो, आणि एमएमयू सुरू झाला की तो चालत नाही. व्हर्च्युअल, म्हणजे एमएमयूतून जाणाऱ्या, अ‍ॅड्रेसची मांडणी कर्नल आणखी पुढे जाऊन करतो. म्हणजे माझ्या त्या तीन ओळीच कर्नलला पाडत होत्या! त्या मांडणीच्या पलीकडे नेऊन, नवा अ‍ॅड्रेस घालून ठेवल्या, आणि दिवा लागला. कर्नल जिवंत होता, फक्त दिसत नव्हता.

स्क्रीनचं उत्तरही विंडोजकडेच होतं. विंडोज चालू असताना एलसीडी कंट्रोलरच्या रजिस्टरांत काय आहे ते हारेटने वाचून घेतलं आणि तेच आकडे माझ्या बोर्ड फाइलमध्ये, म्हणजे कर्नलला या पीडीएची जोडणी सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिले. पुढच्या बूटला लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन दिसला, त्याखाली धावत्या ओळी. रूट फाइलसिस्टीम, म्हणजे लिनक्सच्या बाकीच्या फाइली, एसडी कार्डवर ठेवली होती. ती फारशी कटकट न करता माउंट झाली, म्हणजे कर्नलला जोडली गेली.

राहिलं चार्जिंग. लिनक्समध्ये चार्जर लावूनही बॅटरी उतरतच होती. पुन्हा विंडोज, पुन्हा पहारा. चार्जर खुपसला की एक इनपुट बिट बदलायचा, आणि क्षणभराने दुसरा, आउटपुटचा. पहिला बिट चार्जर आल्याची वर्दी देत होता आणि दुसऱ्यामुळे चार्जिंग सुरू होत होतं. तो बिट विंडोज स्वतः फिरवत होतं. तेवढं काम करणारा ड्रायव्हर लिहिला आणि झोपण्यापूर्वी पीडीए चार्जरला लावला. सकाळी बटण दाबलं तेव्हा लॉगिनची ओळ तशीच उभी होती आणि बॅटरी भरलेली.