तिसऱ्याचं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. स्वतःबद्दल सांगण्यासारखं एवढंच, म्हणून आधीच सांगून टाकते. गळा बेताचा. चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली की शब्द आटतात. मुलांच्या वर्गाला शिकवायला गेले होते, तेव्हा शिस्त मुलांनीच मला लावली. त्यामुळे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ‘आपापलं कृपादान (देवानं सेवेसाठी दिलेली देणगी) ओळखा’ हा विषय निघाला की मी पुढच्या बाकाच्या लाकडावरच्या रेघा मोजत बसायची.

मग एका रविवारी कुणीतरी माझ्यापुढं वही सरकवली. उपासना संपली की दाराशी बसायचं आणि प्रार्थनेसाठी ज्याची जी विनंती असेल ती लिहून घ्यायची. आठवडाभर एक गट त्या वहीवरून प्रार्थना करतो. “तुझं अक्षर छान आहे ना,” एवढंच कारण. मी घरी येऊन बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय काढला. तिथं कृपादानांची नावं आहेत: संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध, दान, पुढारीपण, दया. मोजून सात. अक्षर नाही. पुन्हा वाचलं, तरी नाही.

वही मात्र मी मन लावून सजवली. समास आखला, तारीख लाल शाईत.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एक आजी आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लांबलेलं. खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “लिही. गुडघा.” लिहिलं. मग बराच वेळ काही नाही. मी पेन धरून बसलेली, मागं रांग. “पोरगा बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “मला त्याचा राग येतो. तो राग जावा. नको, थांब. आधी त्याचा फोन यावा, मग राग जावा.”

मी लिहिलं: ‘गुडघेदुखी, कौटुंबिक समेट व मनःशांती यांसाठी प्रार्थना करावी.’ खाली सुबक रेघ.

पुढच्या रविवारी त्यांनी कुणाकडून तरी ते वाचून घेतलं आणि थेट माझ्यापाशी आल्या. “हे कुणाचं गं?”

“तुमचंच, आजी.”

“मी असं कुठं म्हणाले? ह्यात फोन कुठाय?”

मला काही बोलता आलं नाही. त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. आपली वस्तू दुसऱ्याच्या पिशवीत गेल्यासारख्या त्या नुसत्या बघत होत्या.

बायबलमधल्याच पेत्राच्या पहिल्या पत्रात, 4थ्या अध्यायात, कृपादान मिळालेल्याला कारभारी म्हटलं आहे. कारभारी म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळणारा. मी माल बदलून ठेवला होता, आणि वर पावतीही सुंदर अक्षरात दिली होती.

त्या रात्री परत रोमकरांस पत्रच उघडलं, पण यावेळी शेवटाकडून. शेवटी नुसती नमस्कारांची यादी आहे म्हणून तिथं कुणी फारसं थांबत नाही. 16व्या अध्यायाच्या 22व्या वचनात मात्र अचानक दुसराच माणूस बोलतो. हे पत्र लिहून घेणारा मी तर्तियस, माझाही तुम्हांला सलाम. बस. पत्र प्रेषित पौलाचं; तो सांगत होता, हा उतरवून घेत होता. नाव लॅटिन आहे, अर्थ ‘तिसरा’. पुढच्याच वचनात क्वर्त नावाचा भाऊ येतो, म्हणजे ‘चौथा’. पहिल्या-दुसऱ्याचा पत्ता नाही.

मूळ ग्रीकमध्ये हे पत्र सुमारे 7,000 शब्दांचं आहे आणि सांगणारा पौल होता, म्हणजे वाक्यं लांबलचक. 5व्या अध्यायाच्या 12व्या वचनात तो ‘ज्याप्रमाणे’ म्हणून एक तुलना सुरू करतो आणि पुरी न करताच दुसरीकडं वळतो. तिचा धागा पुन्हा हाती लागतो तो थेट 18व्या वचनात. मी तर्तियसच्या जागी असते तर तिथं हमखास टाका घातला असता. तुटलेलं वाक्य तुटलेलंच पुढं आलंय, म्हणजे त्यानं हात आवरला असावा. आणि ती सात कृपादानांची यादी? तीही त्याच्याच हातून उतरली. त्यात आपलं काम नाही हे त्याच्या लक्षात आलं असेल का, याचा मी उगाच विचार करत बसले.

पुढच्या रविवारपासून माणूस म्हणेल तसं लिहायला लागले. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. ‘नोकरी लागावी, नाहीतर निदान लोकांचं विचारणं तरी थांबावं.’ ‘सासूबाई बऱ्या व्हाव्यात. मी दमले आहे.’ एकानं नुसतं नाव सांगितलं, आणि पुढं काय लिहू विचारलं तर मान हलवून निघून गेला. मी नाव लिहिलं आणि ओळ मोकळी सोडली. लिहिताना प्रत्येकाच्या शेवटी ओठांत आपोआप ‘आमेन’ यायला लागलं. ते मी ठरवून आणलं नव्हतं.

घरी माझ्या स्वतःच्या प्रार्थना तोवर निबंधासारख्या असायच्या, प्रस्तावनेपासून समारोपापर्यंत. त्या मोडायला लागल्या. बायबलमधलं दावीद राजाचं स्तोत्र 13 मी कितीदा वाचलं असेल, पण पहिल्या दोनच वचनांत तो देवाला चारदा ‘कोठवर?’ विचारतो, हे या वहीनंतर दिसलं. तोही आजींसारखाच. आधी फोन, मग बाकीचं.

मध्यंतरी आजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून आल्या, गुडघा सांगितला, फोनचं सांगितलं. तो अजून आला नव्हता. मग म्हणाल्या, “तुझं कुठंय ह्यात?”

“माझं काय?”

“इतके महिने लिहितेस. तुझं पान कुठलं?”

नव्हतंच. मी हसून वही मिटायला गेले, तर त्यांनी पेन काढून घेतलं. वही चष्म्याजवळ धरली, मग लांब, मग परत जवळ. “सांग,” म्हणाल्या.

गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल स्वतः पेन हातात घेतो आणि म्हणतो, बघा, किती मोठ्या अक्षरांत लिहितोय. आजींचं एकेक अक्षर दोन-दोन ओळी खात होतं. माझ्या नावाला अर्धं पान लागलं, समास कधीच ओलांडला गेला होता.

“हं,” त्या म्हणाल्या, “पुढं?”