सरपंचबाईंच्या फायलीत काय काय असावं लागतं

विचखेड्याचा निकाल आज पुन्हा काढून वाचला. गाव जळगाव जिल्ह्यातलं. मनीषा रवींद्र पानपाटील फेब्रुवारी 2021मध्ये तिथे सरपंच झाल्या. मग गावातल्या काहींनी तक्रार केली, की बाई सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, म्हणून त्या अपात्र. आपण नवरा-मुलांसह वेगळं, भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत होत्या. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयात याचिका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली गेली. 27 सप्टेंबर 2024ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं आणि स्पष्ट म्हटलं, की एक बाई सरपंच झाली हेच तिथल्या काहींच्या पचनी पडलं नव्हतं. तोवर पाच वर्षांच्या मुदतीतलं जेमतेम दीड वर्ष उरलं होतं.

मला त्या तक्रारदारांपेक्षा अधिकाऱ्यांचा राग जास्त येतो. निवडून आलेल्या माणसाला खुर्चीवरून उतरवायचं म्हणजे आधी जागेची मोजणी हवी, पंचनामा हवा, ती व्यक्ती खरंच त्या घरात राहते का याचा पुरावा हवा. इथे हे प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं आणि वरच्या प्रत्येकाने खालच्याचा निष्कर्ष उचलला. सर्वोच्च न्यायालयानेही नेमकं यावरच बोट ठेवलं आहे.

कलम वाचलं तर त्यात बाई-पुरुष असा शब्द कुठेच नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14, त्यातलं अतिक्रमणाचं पोटकलम, सगळ्यांना सारखं. पण 2018च्या जनाबाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अतिक्रमण मूळ कुणीही केलेलं असो, घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरतो. त्यामागचा हेतू मला पटतो. नाहीतर बापाच्या नावावर जागा बळकावून मुलगा सरपंच व्हायचा. पण लग्न होऊन आलेली बाई ते घर निवडत नाही. सासऱ्याने ती लहान असताना गावठाणाबाहेर सरकवलेली भिंत तिच्या नावावर मोजली जाते. त्याच घरातला तिचा दीर किंवा नवरा निवडून आला असता तर ही भिंत कुणी मोजली असती का? बहुतेक गावांत नसती, असं माझं ठाम मत आहे. पुरुषाचं अतिक्रमण पारावर मिटतं, बाईचं कलेक्टर कचेरीत जातं.

कराच्या थकबाकीचंही तसंच. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत घरपट्टी-पाणीपट्टी भरली नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. घर सासऱ्यांच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात, पावती कुणाच्या तरी ट्रंकेत. बिल आलं हे तिला नोटीस आल्यावर कळतं.

मग अविश्वास ठराव. राखीव जागेवरच्या महिला सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. म्हणजे नऊ जणांच्या पंचायतीत सात मतं. दोन तृतीयांशाच्या हिशेबाने सहाच लागली असती. हे एका मताचं अंतर कायद्याने उगाच ठेवलेलं नाही. आरक्षण आलं आणि पाठोपाठ ठराव यायला लागले, म्हणून ठेवलं. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत तर पंचायतीने ठराव केल्यावरही ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यावं लागतं. एवढी कुंपणं असल्यामुळे ज्यांना बाई नको असते ते ठरावाच्या वाटेला जात नाहीत. अपात्रतेच्या अर्जाला एक अर्जदार पुरतो, सात मतं जमवावी लागत नाहीत. म्हणून कलम 14चे अर्ज आणि कलम 39ची गैरवर्तनाची तक्रार हीच हत्यारं वापरली जातात, आणि विचखेड्यात तेच झालं.

छत्तीसगडमधलं सोनम लाकरांचं प्रकरण वाचून असंच वाईट वाटलं. जशपूर जिल्ह्यातल्या साजबहारच्या या 27 वर्षांच्या सरपंच. कामं रखडली म्हणून पदावरून काढलं. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत बसवलं आणि राज्य सरकारला एक लाखाचा भुर्दंड लावला. बांधकामात अभियंते असतात, कंत्राटदार असतात, साहित्य वेळेवर यावं लागतं, पाऊसपाणी असतं. या सगळ्याचा उशीर एकट्या सरपंचाच्या माथी कसा मारता, हा न्यायालयाचा प्रश्न होता. आपल्याकडे पुरुष सरपंचाची गटारं दोन पावसाळे अर्धवट राहिली तर लोक कंत्राटदाराला शिव्या देतात. बाईची राहिली तर 'तिला काय कळतंय' म्हणतात.

आणि कळतंय हे दिसलं तरी सुटका नाही. नवरा मीटिंगला येऊन बसला तर ती सहीपुरती. त्याला बाहेर बसवलं तर ती शेफारलेली. तालुक्याला एकटी गेली तर कुणाच्या गाडीत बसली याची चौकशी. पुरुषाने ग्रामसभेत आवाज चढवला तर तो खमका, तिने चढवला तर भांडखोर. हे मी जितक्या गावांबद्दल ऐकलं तितक्या गावांत शब्दसुद्धा तेच आहेत.

सहीचा मुद्दा मात्र गंभीर आहे, कारण तिथे टोमण्यावर भागत नाही. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. ती डीएससी, म्हणजे पेनड्राइव्हसारखं टोकन, बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या खिशात किंवा ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरकडे असतं आणि पिनही त्यालाच माहीत. देयक निघतं तेव्हा ती शेतात असते. लेखापरीक्षणात आक्षेप आला की वसुलीची नोटीस मात्र तिच्याच नावाने. टोकन स्वतःच्या कपाटात ठेवणं, पिन बदलणं आणि देयकाआधी मोजमाप पुस्तिकेतली (प्रत्यक्ष किती काम झालं ते लिहिण्याची वही) नोंद बघणं, ही तीन कामं पहिल्याच महिन्यात व्हायला हवीत. यावरून घरात भांडण होतं, हे खरं. तरीही करावीत.

बाकीची तयारी कागदाची. नमुना 8चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा काढून घराची लांबी-रुंदी प्रत्यक्ष टेपने जुळवून पाहावी, आणि हे अर्ज भरण्याआधी, निवडून आल्यावर नव्हे. वेगळं राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल, रेशनकार्ड यांवर तोच पत्ता हवा. विचखेड्यासारख्या प्रकरणात सगळं याच कागदांवर उभं राहतं. कर स्वतः भरून पावती स्वतःकडे. मासिक सभेचा अजेंडा किती तारखेला कुणाला पोचला याची पोच जपून ठेवावी, कारण सभा वेळेवर बोलावल्या नाहीत म्हणून कलम 36खाली पद जातं, आणि अजेंडा काढणारा ग्रामसेवक तेव्हा तुमच्या बाजूने बोलेलच असं नाही. इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहून झाल्यावरच, खाली मोकळी जागा न सोडता सही करावी. कोऱ्या पानावर सही मागणारा माणूस घरचा असला तरी नाही म्हणावं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती वहीतच उरकली जाते, हे मला फार खटकतं. खरोखर घेतली तर पुढच्या सभेत सरपंचबाईंच्या बाजूने बोलायला वीस-पंचवीस बायका समोर बसलेल्या असतात, आणि मागच्या ओटीवरून येणारे शेरे कमी होतात.

अपात्रतेचा आदेश आलाच तर अपिलाला आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवस असतात. म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख त्याच दिवशी त्यावर लिहून ठेवायची, सुनावणीत दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच जवळ ठेवायची, आणि वकील तालुक्यात न शोधता विभागीय आयुक्तांकडे नेहमी उभा राहणारा गाठायचा. स्थगितीचा अर्ज अपिलाबरोबरच द्यायचा. तो मागाहून दिला तर तोवर उपसरपंचाकडे पदभार जाऊन नव्या निवडणुकीची हालचाल सुरू झालेली असते.