तुऱ्याची उंची आपण चोरू नये

मिस्कॅन्थस हे शोभेचं गवत माणसाच्या डोक्यावरून जातं, तर जाऊ द्यावं. जागा कमी असेल तर मुळातच बुटकी जात निवडावी. उंच गवताला कायमचं ठेंगणं ठेवायला वाढरोधक औषध वापरणं मला पटत नाही. शोभेची गवतं मी कुंड्यांमध्ये वाढवते, आणि वाढरोधकाकडून माझी अपेक्षा एवढीच असते की रोप बागेत जाईपर्यंत आटोपशीर राहावं, गाडीत आडवं होऊ नये, पानं मोडू नयेत. जमिनीत लागलं की त्यानं आपली उंची गाठावीच.

झेंडूसारखा शेंडा खुडून गवत आटोक्यात येत नाही. त्याचा वाढबिंदू बुडाशी असतो आणि पान खालून वर सरकतं. वरून कापलं तर बोथट, तपकिरी टोकं तेवढी दिसत राहतात. म्हणून मग औषधाकडे वळावं लागतं.

ही औषधं ज्या संजीवकाला, म्हणजे वाढ घडवणाऱ्या द्रव्याला, अडवतात त्याचा माग 1926 मध्ये जपानच्या एइची कुरोसावा यांना लागला. एका बुरशीमुळे भाताची रोपं फिकट, लांबुडकी होऊन लोळत होती. ती बुरशी जे द्रव्य सोडते त्यानंच ही उंची वाढते, हे त्यांनी दाखवलं. तेच जिबरेलिन; वनस्पती स्वतःही ते बनवतात. पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक ही निर्मिती सुरुवातीच्या टप्प्यावर रोखतं, ट्रायनेक्सापॅक-इथाइल हे दुसरं शेवटाकडे. पेशी लांबत नाहीत, त्यामुळे पेरं आखूड राहतं आणि पान गडद हिरवं दिसतं. 1966 चा आयआर-8 भात बुटका आहे तोही जिबरेलिन कमी बनत असल्यामुळेच, फक्त तिथे ते जनुकातच आहे.

पॅक्लोब्युट्राझॉलची मी आळवणीच करते, म्हणजे द्रावण कुंडीत मुळाशी ओतते. ते मुळांतून आणि खोडातून शिरतं, पाण्याबरोबर वरच चढतं. पानावर पडलेलं फारसं कामी येत नाही. त्यात गवताचं पान अरुंद, उभं, गुळगुळीत, म्हणजे फवारा कुठे जास्त बसला, कुठे कमी, ते कळतच नाही. एकाच आकाराच्या कुंड्यांना मोजून सारखं द्रावण दिलं की रोपं एकसारखी येतात. कुंडीत भरलेल्या मिश्रणात झाडाच्या सालीचा भुगा जास्त असेल तर तो औषध धरून ठेवतो आणि परिणाम कमी होतो.

हिशेब मात्र दर वेळी कागदावर करा. 0.4 टक्क्याच्या बाटलीत लिटरला 4 ग्रॅम औषध असतं. 10 लिटर पाण्यात त्यातलं 25 मिली टाकलं की 10 पीपीएम होतं, म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम औषध. हेच 25 मिली 25 टक्क्यांच्या बाटलीतून घेतलं तर 625 पीपीएम! नाव तेच, बाटली वेगळी. शिवाय आळवणीला लागणारं पीपीएम फवारणीपेक्षा बरंच कमी असतं, तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. किती द्यायचं ते लेबल पाहून ठरवा.

मात्रेपेक्षाही मी जपते ती वेळ. छाटणीनंतर नवे फुटवे बोटभर वर आले, मुळं कुंडीत पसरली, की द्यावं. दांडे लांबायला लागल्यावर दिलं तर पानं आधीच उंच झालेली असतात आणि तुरा मात्र पानांतच अडकतो. पेनिसेटम या शोभेच्या गवताचा तुरा पानांवर डुलण्यासाठीच असतो. तो असा कोंबलेला दिसला की मला खरंच वाईट वाटतं. मोसमात उशीर झालाच असेल तर औषध न देता उंच रोप तसंच विकलेलं बरं.

ट्रायनेक्सापॅक पानांतून शिरतं, त्यामुळे त्याची फवारणी चालते. त्याचा असर लवकर ओसरतो, उन्हाळ्यात आणखी लवकर, आणि ओसरल्यावर काही दिवस वाढ उसळी घेते. रोपं पाठवायची तारीख त्या उसळीत येऊ देऊ नये.

खरं तर निम्मी उंची आपणच वाढवून ठेवलेली असते. कुंड्या खेटून ठेवल्या की सावलीत पानं ताणतात, आणि वर भरपूर नत्र. आधी कुंड्या लांब करा, ऊन मिळू द्या, खत कमी करा.

आणि पॅक्लोब्युट्राझॉल दिलेल्या कुंड्यांमधलं मिश्रण पुन्हा भरू नका. त्यातलं औषध महिनोन्महिने टिकतं, पुढचं रोप विनाकारण खुंटतं. गवती चहासारखं खाण्यातलं गवत त्या कुंड्यांपासून, तिथून निथळणाऱ्या पाण्यापासून लांब ठेवा. प्रत्येक तुकडीतल्या थोड्या कुंड्या औषधाशिवाय राखून त्यांवर चिठ्ठी लावा. त्या शेजारी असल्याशिवाय औषधानं किती काम केलं ते सांगता येत नाही.